रिकाम्या टाकीचे तीन आठवडे

प्रिय दोर्साफ,

तुझं पत्र मंगळवारच्या बोटीनं आलं. शेजारची मन्नूबिया माझ्याआधी धक्क्यावर पोचली होती आणि पाकीट उन्हात धरून आतलं दिसतंय का बघत होती. मी म्हटलं, "चष्मा घरी विसरलीस ना, आता नाकानं वाचणार का?" आणि हातातून काढून घेतलं. अक्षर अजून तसंच टपोरं आहे तुझं. तुझ्यावर मासा असो. हे आधी लिहून टाकलेलं बरं, नाहीतर माझीच दृष्ट लागायची.

चार पानं लिहिलीस आणि चारही पानं माशांची. साठ सेंटिमीटर लांब टाकी घेतली, पन्नास लिटर पाणी मावतं, आता ती ठेवू कुठं, तिच्यात कोणते मासे एकमेकांबरोबर नांदतील, एकटा मासा जगतो का. सगळं विचारलंस. निझारचं नाव कुठं नाही. लग्नानंतर तुझ्या एकाही पत्रात असं झालं नव्हतं. "निझारचा सलाम" तरी खाली असायचाच, पोस्टाच्या शिक्क्यासारखा. मी पानं उलटी करून बघितली, पाकिटात बोट घालून बघितलं. असो. तू मासे विचारलेस, तर आधी मासे सांगते. बाकीचं मी विसरले असं समजू नकोस.

हे फोनवर विचारता आलं असतं, मला कळतं. पण फोनवर तू म्हणतेस, "सगळं छान आहे, आजी," मी म्हणते, "देवाची कृपा," आणि दोघी खोटं बोलून मोकळ्या होतो. कागदावर माणूस इतकं सफाईदार खोटं बोलत नाही. शिवाय ही अक्षरं तूच मला शिकवलीस. मी शाळेत दोन हिवाळे गेले, मग आईनं शेळ्यांमागे लावलं. तू सात वर्षांची होतीस, उन्हाळाभर इथं होतीस, टाकीच्या काचेवर वाफ धरली की तिच्यावर बोटानं अक्षर काढायचीस आणि माझ्याकडून गिरवून घ्यायचीस. चुकलं की म्हणायचीस, "आजी, तुझ्या अक्षराला पाय नाही." तुझा आजा कोपऱ्यात बसून हसायचा. त्यालाही वाचता येत नव्हतं, पण तो मास्तरीणबाईंच्या बाजूनं.

आता जागा. पाण्यानं भरलेली टाकी म्हणजे काय वजन असतं, कल्पना आहे का तुला? पन्नास लिटर पाणी, वर काच, वाळू, दगड. मोठं माणूस तिथं रात्रंदिवस उभं आहे असं धर. तुझ्या आज्यानं पहिल्यांदा टाकी ठेवली ती माझ्या लग्नाच्या पेटीवर. पेटीचं झाकण आठवड्यात पोटात गेलं, आत माझी चांदीच्या जरीची ओढणी होती. मी म्हटलं, "मिस्बाह, हे मासे माझ्या लग्नावर बसलेत." मग ती गेली खिडकीत, कारण त्याचं म्हणणं, माशांना समुद्र दिसला पाहिजे. समुद्र दिसला, पण ऊनही आलं. दहा दिवसांत पाणी पालेभाजीच्या रश्शासारखं हिरवं, आणि मासे आत आहेत का नाहीत ते हात घालून बघायचं. तिथून फ्रिजवर. फ्रिज चालू झाला की थरथरायचा, आणि मासे एका कोपऱ्यात गोळा होऊन बसायचे. म्हणून तुझी खिडकी नको आणि तुझा फ्रिजही नको. दारामागं तर अजिबात नको, दार आपटलं की त्यांच्या अंगावर आभाळ पडतं.

शेवटी मी माझा कोनाडा दिला. आतल्या भिंतीतला, जिथं मी तेलाचे रांजण ठेवायचे. ऊन नाही, चूल लांब, खाली दगड, बाजूला वायरीचं बटण. रांजण अंगणात गेले आणि दोन वर्षं तेलाला मुंग्या लागल्या. पण टाकी तिथंच राहिली.

तुझी तिसरी जागा तशीच आहे. आतल्या खोलीतली भिंत, ऊन येत नाही, बटण जवळ. सव्वा मीटर मोकळी आहे म्हणतेस. चांगली जागा आहे. पण दोर्साफ, ती मोकळी कधी झाली? गेल्या वर्षी तू फोटो पाठवला होतास. त्या भिंतीला निझारचं नकाशे काढायचं टेबल होतं, वर वाकडा दिवा. तूच लिहिलं होतंस की जिन्याच्या वळणावर ते अडकलं, तिसऱ्या मजल्यापर्यंत चढवायला तीन माणसं लागली. पुरुष रागानं गेला तर शर्ट घेऊन जातो. शर्ट घेऊन गेलेला परत येतो, मी पुष्कळ बघितलेत. पण ज्यानं तीन माणसं बोलावून टेबल खाली उतरवलं, तो नुसता रागावलेला नसतो.

मला उत्तर नको. मी विचारत नाहीये. मी फक्त सांगतेय की भिंत मला दिसली.

तुला एक गोष्ट सांगते, ती तुझ्या बापालाही नीट माहीत नाही. तो तेव्हा पाच वर्षांचा होता. तुझा आजा ट्रिपोलीला गेला होता, बांधकामावर. आमच्या बेटावरचे निम्मे पुरुष तेव्हा तिकडेच होते. दोन वर्षं निरोप यायचे, सामान यायचं. मग चौदा महिने काही नाही. मेला असता तर कळलं असतं. बाकीच्या बायकांचे नवरे सुट्टीला यायचे आणि मला बघून टोप्या सारख्या करायला लागायचे, त्यावरून मी काय समजायचं ते समजले. माझी आई तेव्हा पलीकडे स्फाक्सला राहायची. तिला कळवायचं तर मला लिहिता कुठं येत होतं? पत्र लिहून द्यायचा तो पोस्टमन, आणि त्याला सांगितलेलं संध्याकाळपर्यंत मशिदीच्या पायरीवर पोचायचं. म्हणून मी आईला शेळीबद्दल लिहिलं. शेळी खात नाही. शेळी दूध कमी देते. शेळी दाराकडे तोंड करून उभी राहते. अशी चार पत्रं शेळीची. पोस्टमन म्हणाला, "मबरूका, एवढं लिहिण्यापेक्षा काप तिला."

चौथ्या पत्रानंतर आई शिडाच्या होडीतून आली. हातात एक गाठोडं, पायात ओल्या चपला. अंगणात आली, थेट शेळीकडे गेली, तिचं तोंड उघडून दात बघितले, पोट चाचपलं आणि म्हणाली, "हिला तर काहीच झालेलं नाही." बस. एवढंच. मग आत जाऊन पीठ मळायला बसली. वीस दिवस राहिली. माझ्या नवऱ्याचं नाव तिनं वीस दिवसांत एकदा काढलं नाही. आम्ही दोघींनी मिळून ऑक्टोपस वाळवले, अंजिरं वाळवली, अंगणाला चुना दिला. जाताना म्हणाली, "शेळीकडे लक्ष ठेव," आणि होडीत बसली.

तू आता म्हणशील, याचा माशांशी काय संबंध. आहे. सहा महिन्यांनी एका दुपारी तुझा आजा दारात उभा. एका हातात पत्र्याची पेटी, दुसऱ्या हातात प्लॅस्टिकची पिशवी, पिशवीत पाणी आणि पाण्यात दोन सोनमासे. स्फाक्सला बोटीची वाट बघताना बाजारात घेतलेले. तो माझ्याकडे न बघता सरळ मागं गेला, माझी लोणच्याची मोठी काचेची बरणी रिकामी केली, समुद्रावर गेला, बरणी भरून आणली आणि ओट्यावर ठेवून मासे तिच्यात सोडले.

समुद्राचं पाणी, दोर्साफ. दुकानातल्या माशांना.

हसू नकोस, आमच्या बेटावर दुसरं कोणी असतं तरी हेच केलं असतं. मासा म्हणजे खारं पाणी. गोड पाण्यात मासा राहतो हे आमच्या सात पिढ्यांनी ऐकलेलं नव्हतं. गोड पाणी पावसाचं, ते अंगणाखालच्या टाक्यात साठवायचं, प्यायचं, आणि थेंब सांडला तर सासूकडून ऐकून घ्यायचं. तर ते मासे एकदा इकडे गेले, एकदा तिकडे गेले, आणि आमच्या डोळ्यांसमोर उलटे झाले. तुझा आजा बरणीकडे बघत उभा. आयुष्यभर समुद्रात कंबरेएवढ्या पाण्यात उभा राहिलेला माणूस, खजुराच्या झावळ्यांची कुंपणं रोवून त्यात मासे वळवणारा, बापजाद्यांचा धंदा, आणि दोन बोटांएवढे मासे त्याला जगवता आले नाहीत. मला हसू फुटलं. इतकं की मी जमिनीवर बसले. मी चौदा महिने रडले नव्हते, तेही त्यात निघालं असेल, कोण मोजतं.

आमच्या त्या झावळ्यांच्या कुंपणाला शेवटी एक गोल कोंडी असते, तिला 'घर' म्हणतात, तुला आठवतं ना? मासा भिंतीला लागून लागून पुढं जातो आणि घरात येऊन पडतो. तर मी हसत होते तेव्हा हा म्हणाला, "मलाही तसाच समज. भिंतीला लागून लागून घरात आलो." मी म्हटलं, "घरात आलेल्या माशाचं आपण काय करतो, माहीत आहे ना? कालवण." आणि त्याला जेवायला वाढलं. माफ केलं नव्हतं. मला भूक लागली होती.

तिकडे कोण होतं, हे मी विचारलं नाही. पुढच्या महिन्यात त्यानं स्फाक्सहून जुन्या दुकानाच्या काचा आणल्या, कापल्या, चिकटवल्या, आणि टाकी केली. यावेळी पावसाचं पाणी घातलं. मन्नूबिया कुंपणावरून ओरडली, "माणसांना प्यायला नाही, आणि तुझा नवरा माशांना आभाळाचं पाणी पाजतो. समुद्र कमी पडला का त्याला?" मी म्हटलं, "समुद्राचं त्याचं झालंय करून." तिला कळलं नाही. त्याला कळलं.

आता तुझी यादी. तुला दोन सोनमासे हवेत, एक फायटर, दहा निऑन, दोन एंजल, आणि काच चाटणारा तो काळा एक. दुकानदारानं "सगळे एकत्र राहतात" म्हणून सांगितलं, असं लिहितेस. तो दुकानदार मांजरसुद्धा मासा म्हणून विकेल. आमच्या वेळचा तसाच होता. त्यानं तुझ्या आज्याला एक निळा-पिवळा देखणा मासा दिला. आठ दिवसांत त्यानं बाकीच्यांच्या शेपट्या कुरतडल्या, मधला दगड आपला म्हणून जाहीर केला आणि जवळ येईल त्याच्या अंगावर जायला लागला. आम्ही त्याचं नाव आमच्या मुकादमाच्या नावावरून ठेवलं. शेवटी मी त्याला चहाच्या गाळणीनं उचलून वेगळ्या भांड्यात टाकला. तिथं तो सहा वर्षं जगला, एकटा आणि खूश.

सोनमासे काढ यादीतून. आता बोटाएवढे दिसतात, पुढं हातभर होतात, घाण पुष्कळ करतात, आणि त्यांना गार पाणी लागतं. निऑनला कोमट. दोघांना एका पाण्यात ठेवलंस तर एक जण कायम कण्हत राहणार. एंजल पानांसारखे डुलतात, मला कळतं तुला का आवडले, पण ते उंच वाढतात, तुझी टाकी ठेंगणी आहे, आणि मोठे झाले की निऑन त्यांना जेवण वाटतात. काच चाटणारा काळा दीड वर्षात तुझ्या पायाएवढा होईल. फायटर सुंदर असतो. पण झुळझुळीत शेपटीचं कोणी दिसलं की त्याला ते आपली टिंगल वाटते. त्याला एकट्याला ठेव, नाहीतर ठेवू नकोस.

मी दुसऱ्यांदा मासे आणायला स्वतः गेले होते. मुलगी बघायला जातात तशी दुकानात बसले. हा मोठा किती होतो? खातो काय? वरच्या पाण्यात फिरतो, मधल्या की तळाशी? एकटा राहतो की घोळक्यात? भांडतो का? दुकानदार वैतागून म्हणाला, "बाई, लग्न लावायचंय का?" मी म्हटलं, "लग्नात एवढं विचारलं असतं तर मी इथं आले नसते." तर तुझ्या पन्नास लिटरांत आठ निऑन घे, मधल्या पाण्यात. आठच, आणि आठपेक्षा फार कमीही नको, ते घोळक्याचे जीव आहेत, दोन-तीन ठेवलेस तर खाणं सोडतात, रंग उडतो, आणि लोक म्हणतात आजार झाला. तळाला त्या मिश्यावाल्या छोट्या माशांच्या जातीचे पाच-सहा, वाळू हुंगत फिरतात, कोणाच्या अध्यातमध्यात नाहीत. एखादी गोगलगाय. संपलं. जागा उरलेली दिसली तरी भरायची नाही. उरलेली जागा त्यांचीच असते.

खाणं दोन मिनिटांत संपेल एवढंच. तू नऊ वर्षांची असताना "बिचाऱ्यांना भूक लागली" म्हणून जवाची अर्धी भाकरी कुस्करून टाकली होतीस. पाणी ताक झालं. तू अंजिराच्या झाडामागं लपलीस आणि आजा तुला शोधत म्हणत होता, "कुठल्या तरी चोरानं भाकरी टाकली, दोर्साफ, तू आलीस की आपण पकडू त्याला." तो खोटं असंच बोलायचा, समोरच्याला बाहेर यायला वाट ठेवून.

एकटा मासा जगतो का, हे तू शेवटच्या पानावर विचारलंस आणि शाई तिथं जरा पसरली आहे. त्याचं उत्तर जातीवर आहे. मुकादम जगला. निऑन नाही जगत. माणसाचं मला विचारू नकोस, आणि मी सांगितलेल्या माशांतून नवराबायकोचे अर्थ काढत बसू नकोस, मी माशांबद्दलच बोलतेय. निझार परत येईल, असंही मी म्हणणार नाही. तुझा आजा आला तो आला. सगळ्यांचे येत नाहीत, आणि येणारा प्रत्येक जण आत घेण्याच्या लायकीचा असतोच असं नाही. ते तू ठरव. ठरवायची घाई नाही.

घाई दुसऱ्या एका गोष्टीची करू नकोस. टाकी भरलीस की लगेच मासे सोडायचे नाहीत. नळाचं पाणी बादलीत एक दिवस उघडं ठेव, मग घाल. वाळू, झाडं, फिल्टर, सगळं लाव आणि तीन आठवडे तशीच चालू दे. त्या दिवसांत वाळूला आणि दगडांना डोळ्यांना न दिसणारं काहीतरी धरतं, तेच पुढं माशांची घाण पचवतं. ते धरायच्या आत सोडलेले मासे आठवड्यात उलटे होतात, हे आम्ही अठरा मासे मारून शिकलो. रोज चिमूटभर खाणं टाकायचं, खाणारं कोणी नसलं तरी. लोकांना हे तीन आठवडे सोसत नाहीत. नुसतं पाणी, नुसता फिल्टरचा आवाज, बघायला काही नाही. टाकी रिकामी दिसते, आणि माणूस जाऊन काहीतरी विकत आणतो.

म्हणून मी येतेय. गुरुवारच्या बोटीनं निघते, शुक्रवारी दुपारी तुझ्याकडे. नऊ वर्षं मी बोटीत पाय ठेवलेला नाही. शेवटची चढले ती तुझ्या आज्याला स्फाक्सहून परत आणताना, आणि तेव्हा तो बसलेला नव्हता, कफनात होता. पण बोट काही त्याच्या बापाची नाही. तुझ्या बापाला मी सांगितलंय की डोळे दाखवायला ट्यूनिसला जायचंय, तो गाडीत बसवून देईल. त्याला अजून काही सांगू नकोस. तिसरा मजला आहे, मला माहीत आहे. त्याचं टेबल चढलं होतं, मीही चढेन. मिश्यावाल्यांना लपायला ऑक्टोपस धरायला समुद्रात सोडतात तसलं एक छोटं मडकं आणतेय, कोरं, समुद्र न बघितलेलं. आणि वाळवलेला ऑक्टोपस, तो तुझ्यासाठी, टाकीत घालायचा नाही. तू आज पाणी भर. मासे तीन आठवड्यांनी आपण दोघी जाऊन आणू, त्या दुकानदाराशी मला बोलायचंच आहे. तोपर्यंत मी काही विचारणार नाही. आले की आधी टाकीत हात घालून बघीन, आणि तुला सांगीन हिला काही झालंय का ते.

तुझ्यावर मासा असो.

तुझीच, पाय नसलेल्या अक्षरांची,
आजी मबरूका